अडीच घरांचा राजा

काल हरलो. दोन प्यादी जास्त असताना हरलो. रेटिंग १४५२, तेही २०२४ च्या मार्चात फिडेने, म्हणजे बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेने, २००० च्या खालच्या तमाम जनतेला सढळ हाताने गुण वाटले म्हणून. त्याआधी १०८७ होतं. म्हणजे इभ्रत काही फार मोठी पणाला लागली नव्हती. तरी रात्री झोप नाही.

मंगल कार्यालयात स्पर्धा, शेवटची फेरी, बाकी सगळे उठून गेलेले. समोर एक निवृत्त गृहस्थ, शर्टाच्या खिशात तीन पेनं. आणि माझ्या खांद्याशी कार्यालयाचे मामा. सातला तिथे रिसेप्शन होतं.

"हे घड्याळ बिघडलंय का? कमी होतंय नि परत वाढतंय."

दर खेळीला तीस सेकंद वाढून मिळतात हे मी त्यांना खुणेने सांगणार कसं?

"म्हणजे हे संपतच नाही म्हणा." तंबाखूचा दरवळ आणखी जवळ आला. "अहो, राजा उडवा की! आमच्याकडं एकदा उडतो, घोड्यागत. अडीच घरं."

आमच्या आजोबांच्या पटावरही उडायचा. प्यादंही बिचारं एकेकच घर चालायचं. पण तीन पेनांनी पंचांना बोलावलं. मी बाहेरून मदत घेतो म्हणे! मदत! मला ताकीद, त्यांना दोन मिनिटं बहाल.

मामांनी तिकडे खुर्च्या एकात एक घालायला घेतल्या. धाड. हत्तीकडे निघालेला माझा हात राजावर पडला.

"हात लावलात. राजा हलवा."

मोहरं नीट ठेवायचं असेल तर आधी तसं बोलायचं असतं. मी बोललो, पण नंतर. राजा हलला आणि त्याच्या आधाराने उभा असलेला हत्ती गेला. प्रवेश फी ६०० रुपये, दिवसभरात चहा एकदाही नाही. मोबाइल वाजला तर डाव गेला, असं पत्रकात ठळक अक्षरांत. खुर्च्यांबद्दल अवाक्षर नाही. पंचांना विचारलं, तर म्हणाले, "लेखी द्या." कागद कुठे? मामांनी टेबलासकट उचलून नेला होता.

"तरी सांगत होतो, उडवा म्हणून," मामा म्हणाले.

बाहेर पडताना दारात एका मुलीने माझ्यावर गुलाबपाणी शिंपडलं आणि पेढा पुढे केला. मी दोन घेतले.