खुब्याच्या ऑपरेशनमधलं स्टिरॉइड: एका फॉरवर्डला उत्तर

मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांना दुखणं दाबायला ऑपरेशनमध्ये स्टिरॉइड टोचतात. त्याने हाडं पोकळ होतात, जखम पिकते, शुगर भडकते. नातेवाइकांनो, नाही म्हणा.' मी भूलतज्ज्ञ आहे. हा मेसेज वाचून आलेली मुलं ऐन ऑपरेशनच्या सकाळी अडून बसतात, म्हणून लिहिते आहे.

स्टिरॉइडने हाडं पोकळ होतात, पण ती प्रेडनिसोलोनसारखी गोळी रोज, तीन-तीन महिने आणि पुढेही घेत राहिल्याने. आम्ही देतो ते बहुतेकदा डेक्सामेथासोन, शिरेतून, एकदाच, साधारण ८ मिलिग्रॅम. डोस लहान नाही, प्रेडनिसोलोनच्या हिशेबात तो ५०च्या आसपास जातो. पण दोन-तीन दिवसांत त्याचा अंमल उतरतो. तेवढ्यात हाड झिजत नाही.

जखम पिकण्याची धास्ती आम्हा डॉक्टरांनाही होती. म्हणूनच ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने वेगवेगळ्या ऑपरेशनांच्या जवळपास ८,७०० रुग्णांवर चाचणी झाली, २०२१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. जखमेत संसर्ग झाला तो डेक्सामेथासोन मिळालेल्यांपैकी ८.१ टक्क्यांना, न मिळालेल्यांपैकी ९.१ टक्क्यांना. त्यात मधुमेहीही होते.

शुगर मात्र वाढते, मान्य. पहिल्या दिवशी जास्त. ती वॉर्डात पुन्हा पुन्हा तपासतात, लागलं तर इन्सुलिन देतात. आधीच शुगर हाताबाहेर असेल तर मी स्टिरॉइड टाळते.

मग द्यायचंच कशाला? हे मेसेजमध्ये कुठेच नाही. ऐंशीच्या घरातल्या किडन्यांना डायक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक झेपत नाही. मॉर्फिन किंवा ट्रॅमाडॉल ही जोरकस वेदनाशामकं जास्त झाली की आजी बरळायला लागतात, मळमळतं, पोट साफ होत नाही. म्हणून मांडीची नस बधिर करणारं इंजेक्शन, पॅरासिटामॉल आणि जोडीला स्टिरॉइड. त्याने सूज आणि उलट्या कमी होतात, कमी मॉर्फिनवर भागतं. खुबा किंवा गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनांत याचा पुरावा भक्कम आहे, मोडलेल्या खुब्यात तितका नाही. त्यामुळे सरसकट सगळ्यांना द्या, असं मी म्हणणार नाही. पण दुसऱ्याच दिवशी आजींना वॉकर धरून उभं करायचं असतं. दुखतंय म्हणून त्या पडून राहिल्या तर न्यूमोनिया, पाठीला जखमा, पायात रक्ताच्या गुठळ्या. आणि बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर असेल, तर आधी पायावर उभं राहता आलं पाहिजे.

स्टिरॉइडला घाबरायचंच असेल, तर गुडघेदुखीवरच्या बिनलेबलच्या पुड्यांना घाबरा. 'शुद्ध जडीबुटी' म्हणून विकलेल्या अशा औषधांत स्टिरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. ती महिनोन्महिने घेतली की हाड ठिसूळ होतं, आणि शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं कमी करतं. मग ऑपरेशनच्या ताणात बीपी अचानक कोसळू शकतं. अशा रुग्णाला स्टिरॉइड नाकारणं जिवावर बेतू शकतं. घरात अशी पुडी असेल तर ती घेऊन या आणि ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञाच्या हातात द्या. कोणी रागावणार नाही.