वाटीभर पाण्यात औषध तपासता येत नाही

आमच्या ठाण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज तिसऱ्यांदा आला: "गोळी वाटीभर पाण्यात टाका. 5 मिनिटांत विरघळली नाही तर नकली. तळाशी पांढरा गाळ राहिला तर पिठाची भेसळ. म्हणून गोळी कुटूनच घ्या." मी तुर्भ्याच्या एका औषध लॅबमध्ये रोज हेच काम करते, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी ती 5 मिनिटं. गोळी किती वेळात फुटते हे बघण्याच्या चाचणीला आमच्याकडे डीटी (डिसइंटिग्रेशन टेस्ट) म्हणतात. सहा नळ्या, तळाला जाळी, प्रत्येकीत एक गोळी. 37 अंशांच्या पाण्यात टोपली मिनिटाला तीसेक वेळा खालीवर होते. साध्या गोळीला मुदत 15 मिनिटं, फिल्म कोटिंगवालीला 30. 3 मिनिटांत फुटायचं बंधन आहे ते डिस्पर्सिबल, म्हणजे पाण्यात घोळून घ्यायच्या गोळीला. पॅन्टोप्राझोलची (ॲसिडिटीवरची) एन्टरिक कोटेड, म्हणजे पोटातल्या आम्लाला दाद न देणाऱ्या कवचाची गोळी तर आम्लात 2 तास जशीच्या तशी टिकली तरच पास. मेटफॉर्मिनची (मधुमेहावरची) एसआर, म्हणजे हळूहळू औषध सोडणारी गोळी बहुधा फुटतच नाही. फुगून बुळबुळीत होते आणि औषध तासन्‌तास झिरपत राहतं. वाटीच्या परीक्षेत दोघी नापास, आणि आमच्या विंगमधल्या आजीआजोबांच्या डब्यांत नेमक्या याच.

आता "पीठ". हो, गोळीत मक्याचा स्टार्च असतो, मुद्दाम घातलेला. मशीन भुकटी इतकी आवळून दाबतं की काही गोळ्या पोटात खड्यासारख्या पडून राहतील. त्या फुटाव्यात म्हणून डिसइंटिग्रंट घालतात: स्टार्च, नाहीतर सोडियम स्टार्च ग्लायकोलेट, क्रॉसकारमेलोज, क्रॉसपोव्हिडोन. नंतरचे तिघे इतके तेज की साधारण 2 ते 5 टक्के पुरतात. ग्लायकोलेट भिजवलेल्या साबुदाण्यासारखा फुगून आतून रेटतो. क्रॉसपोव्हिडोन फारसा फुगत नाही. तो पाणी आत ओढतो आणि दाबून ठेवलेल्या स्पंजासारखा मूळ आकाराला उसळतो.

पॅरासिटामॉलची साधी गोळी चमचाभर पाण्यात ठेवून बघा. कड फुलते, भेग पडते, मग कण गळू लागतात. खाली बसतो तो स्टार्च, आणि त्यात औषधही असतं! 500 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल पूर्ण विरघळायला जवळजवळ 40 मिलिलिटर पाणी लागतं. फुटणं वेगळं, विरघळणं वेगळं. विरघळलेलं औषध किती, हे मोजायला डिझोल्युशन नावाची निराळी चाचणी असते.

कुटायचं म्हणाल, तर एसआर गोळी कुटलीत की दिवसभराचा डोस एकदम अंगावर येतो, आणि कुटलेलं पॅन्टोप्राझोल पोटातल्या आम्लातच खराब होतं. गिळता येत नसेल तर डॉक्टरांकडून सिरप किंवा डिस्पर्सिबल लिहून घ्या.

मेसेजची खरी गोची पुढेच आहे. कुणी खडूच्या भुकटीत चिमूटभर क्रॉसकारमेलोज मिसळून गोळी पाडली, तर ती वाटीत झटक्यात फुटेल आणि "अस्सल" ठरेल. शंका आली तर पक्कं बिल आणि बॅच नंबर घेऊन एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासनाकडे) जा. ऑगस्ट 2023 पासून ठरावीक 300 ब्रँडांवर क्यूआर कोड सक्तीचा आहे, तो स्कॅन करा. आणि दुकानदार पट्टी कापून चारच गोळ्या देत असेल, तर बॅच नंबर असलेली बाजू मागून घ्या.