टेन्शन नको घेऊ, शेठ!

लो-प्रोफाइल टायर बदलायला गेलं की दुकानात पहिलंच वाक्य कानावर पडतं, "टेन्शन नको घेऊ शेठ, रोजचंच काम आहे." माझं टेन्शन तिथूनच सुरू होतं. त्याचं रोजचं काम म्हणजे चौदा इंची लोखंडी रिम. तिला ओरखडा पडला तर वर व्हील कॅप ठोकली की विषय संपला. माझं प्रकरण आहे अठरा इंची अलॉय रिमवरचा २२५/४० आर १८ टायर, आणि ती रिम झाकायला काही नाही.

हे आकडे एकदा नीट वाचले की आपण कशाचे पैसे मोजले ते कळतं. रुंदी २२५ मिलिमीटर, तिच्या ४० टक्के म्हणजे टायरच्या बाजूची उंची, भरली ९० मिलिमीटर. छोट्या हॅचबॅकच्या १४५/८० आर १२ टायरला तीच उंची ११६ मिळते. गाडी महाग आणि रबर कमी! जे आहे तेही वळणावर कलू नये म्हणून मुद्दाम कडक केलेलं. त्यामुळे टायर चढवताना ते जराही दबत नाही आणि सगळा राग रिमच्या काठावर निघतो.

टायरच्या कडेत पोलादी तारेचं कडं असतं. ते ताणत नाही. ज्या काठावरून त्याला आत जायचंय तो त्याच्यापेक्षा मोठा. मग जातं कसं? रिमच्या पोटात एक खोलगट घळ असते. कडेचा अर्धा भाग त्या घळीत उतरवला की उरलेल्या अर्ध्याला ढील मिळते. कासार बांगडी भरताना हात दाबून घेतो, साबण लावतो, पण बांगडी ताणायला जात नाही, तसंच. हे ज्याला कळलंय त्याच्या हातात रिम द्यावी. "चढत नाय, जोर लाव रे" म्हणणाऱ्याच्या हातात देऊ नये. घळ रिमच्या ज्या तोंडाला जवळ, ते तोंड वर ठेवून टायर चढवायचा. बहुतेक रिमला ती दर्शनी बाजूला असते, पण काहींना मागे असते आणि त्या उलट्या लावाव्या लागतात. हे विचारलं की मालक आपल्याकडे नव्या नजरेने बघतो. ती नजर आदराचीच असते असं नाही.

आता रिम नेमकी कुठे खरचटते ते सांगतो, म्हणजे कुठे उभं राहायचं ते कळेल.

पहिली जागा मशीनच्या बाजूचं फावडं. कड सुटी करायला ते टायर दाबतं. आधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडलेली हवी. फावडं रिमच्या काठापासून बोटभर लांब, फक्त रबरावर. आत हवेचा सेन्सर असेल तर व्हॉल्व्हजवळ तर नाहीच नाही, कारण सेन्सर त्याच्याच मुळाशी बसलेला असतो. रिम ज्या रबरी पॅडला टेकते त्यावरून एकदा हात फिरवा. मागच्या दहा गाड्यांची खडी त्यात रुतलेली सापडते, आणि आपला पॉलिश केलेला चेहरा तिच्यावरच दाबला जाणार असतो.

दुसरी जागा फिरत्या टेबलाचे चार जबडे. त्यांना प्लास्टिकच्या टोप्या असतात; म्हणजे मशीन आलं तेव्हा होत्या. आता तीन असतात. चौथीचं काय झालं हे कोणी सांगत नाही. तिसरी जागा टायर उतरवणारं लोखंडी डोकं. त्याखाली प्लास्टिकचा तुकडा हवा, आणि डोकं काठापासून दोन-तीन मिलिमीटर उचलून लॉक केलेलं हवं. तुकडा स्वस्त असतो, पण झिजून लोखंड दिसेपर्यंत तो बदलण्याची आपल्याकडे प्रथा नाही.

आणि मग टॉमी, म्हणजे टायर उचकटायचा लोखंडी दांडा. वरची कड चढवताना शेवटची वीतभर उरते, टेबल कण्हतं आणि पोरगं टॉमीकडे हात नेतं. घात इथेच होतो. तेवढ्यात म्हणायचं, "दादा, जरा समोरची बाजू घळीत दाबा ना." मदतीचा हात असलेलं मशीन असेल तर तो हात हेच करतो, नसेल तर दोघांनी गुडघा टेकून दाबायचं. टॉमी लागलीच तर काठावर प्लास्टिकचं कव्हर चढवून. कडेला दोन्ही बाजूंनी टायरची पेस्ट किंवा साबणाचं दाट पाणी चोपडायचं, कंजूषी नको. ग्रीस आणि इंजिन ऑइल अजिबात नको. रबर खराब होतंच, शिवाय ब्रेक दाबल्यावर टायर रिमवर सरकतो.

चढवण्याआधी बाणाची दिशा आणि बाहेरच्या बाजूचा शिक्का बघून घ्यावा. उलटा बसला तर हे सगळं पुन्हा, त्याच रिमवर.

हवा भरताना दोन वेळा 'फट्' आवाज येतो, कडा जागेवर बसल्याचा. ४० पीएसआयपर्यंत आला नाही तर हवा सोडून पुन्हा पेस्ट लावायची. दाब वाढवत बसणाऱ्यापासून लांब उभं राहावं.

बॅलन्सिंगला चिकटवायची वजनं, रिमच्या आतल्या बाजूला. काठावर ठोकायची शिशाची क्लिप अलॉयला चालत नाही. डायमंड कट, म्हणजे लेथवर चेहरा कापून चकाकवलेली रिम असेल तर जास्तच जपायचं: वरचं पारदर्शक लॅकर फुटलं की पाणी आत शिरतं, किड्यांसारख्या पांढऱ्या गंजरेषा उमटतात, आणि लेथवर कापून साफ करावं तर प्रत्येक खेपेला थोडा धातू जातो.

हे सगळं सुट्टीत, त्यातही गणपतीच्या आदल्या शनिवारी, मागू नये. त्या दिवशी सगळी कोकणाकडे निघालेली मंडळी रांगेत असतात आणि पोराला चौथी टोपी शोधायला वेळ नसतो. आडवारी सकाळी जावं, चारही रिमचे फोटो त्याच्यादेखतच काढावेत. तो काही बोलत नाही, पण कव्हर कुठूनतरी निघतात.

शेवटी चाकाचे नट आवळणारी गन. नट हाताने दोन-तीन आटे फिरवून, समोरासमोर घट्ट करत, गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यावर थांबायचं. बऱ्याच गाड्यांना तो १०० ते १२० न्यूटन-मीटर असतो. गनला आकडे वाचता येत नाहीत. टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना, मागितला की पोरगं आत जातं आणि बराच वेळ बाहेर येत नाही, म्हणून तो स्वतःचाच डिकीत ठेवावा. ५० ते १०० किलोमीटर झाले की नट पुन्हा तपासायचे असतात, तेव्हाही तोच लागतो.