'आहे' दिसलं की आयएनजी? माझ्याच मेसेजचा खुलासा

दहावीच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "मराठी वाक्यात 'आहे' दिसलं की इंग्रजीत क्रियापदाला आयएनजी लावा, कधीच चुकणार नाही." गेल्या पावसाळ्यात मालवणातल्या माझ्या शिकवणीच्या पोरांसाठी तो मीच घाईत लिहिला होता. नियम चुकीचा आहे.

परवा एकीच्या वहीत दिसलं, 'आय ॲम नोइंग द आन्सर'. 'मला उत्तर माहीत आहे', म्हणजे माझ्या नियमाने तिचं बरोबरच! पण नो, वॉन्ट, बिलाँग ही क्रियापदं कृती नाही, स्थिती सांगतात. ती एरवी साध्या वर्तमानकाळातच येतात. 'आय नो द आन्सर.' हॅव तेवढं लबाड. 'माझ्याकडे होडी आहे' म्हणजे 'आय हॅव अ बोट', पण पानावर बसलेलो असू तर 'वी आर हॅविंग लंच' बिनचूक.

बाबा आत्ता अंगणात बसून जाळं शिवत आहेत, तर 'इज मेंडिंग'. रोजचंच काम असेल तर 'मेंड्स'. 'होडी किनाऱ्याला लागली आहे' यात 'आहे' आहे, तरी इंग्रजीत 'हॅज रीच्ड द शोअर'. आणि वेळापत्रकातली गाडी उद्या सहाला सुटणार आहे, ती चक्क 'लीव्ज ॲट सिक्स टुमारो'.

तेव्हा 'आहे' शोधू नका. काम आत्ता चालू आहे, नेहमीचं आहे की झालेलं आहे, ते विचारा.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर टाकला असेल, तिथे हा खुलासाही टाका.