हजार फुटांचा प्लॉट आणि ‘बिनधास्त बांधा’चा मेसेज

नागपूरच्या मानेवाडा, बेसा, हुडकेश्वरकडच्या ले-आऊटांमध्ये एक मेसेज हातोहात फिरतोय. “तुकडेबंदी गेली. दीड हजार फुटांपर्यंत आता नकाशा लागत नाही. प्लॉट लहान असेल तर घराभोवती जागा सोडायची सक्ती नाही. शेजाऱ्याची ना-हरकत घ्या, टॅक्स लावून घ्या, मग कोणी हात लावत नाही.” यात खरं थोडं आहे, आणि तेच गोत्यात आणणारं आहे.

तुकडेबंदीचं आधी. जुलै 2025 मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी ती शिथिल करण्याची घोषणा विधानसभेत केली, हे बरोबर. पण 1947 चा तो कायदा जमिनीचे लहान तुकडे पाडणं आणि विकणं रोखण्याचा आहे. घर बांधायचं तर 1966 चा नगररचना कायदा आणि डिसेंबर 2020 ची एकत्रित नियमावली लागते. एक गुंठा, म्हणजे 1089 चौरस फूट, नावावर चढला म्हणून त्यावर तीन मजले चढत नाहीत. शिवाय आपल्याकडे नासुप्रचं (नागपूर सुधार प्रन्यास) आरएल, म्हणजे नियमितीकरणाचं पत्र, असतंच. नियमितीकरणाच्या 572 आणि 1900 ले-आऊटांच्या यादीत असलेल्यांना ते काय ते सांगायला नको. आरएलने प्लॉट नियमित होतो, नव्या घराचा नकाशा वेगळा.

नकाशा लागत नाही? लागतो. 150 चौरस मीटरपर्यंत, म्हणजे साधारण 1600 फुटांपर्यंत, मालकीचे कागद आणि आर्किटेक्टच्या सहीचा नकाशा देऊन शुल्क भरलं की पावती हीच परवानगी धरतात. चकरा वाचल्या, नियम तेच राहिले. उलट नकाशा नियमात बसत नसेल तर आता जबाबदार मालक आणि आर्किटेक्ट.

खरं भांडण जागा सोडण्यावरून आहे, आणि तिथे लहान प्लॉटवाल्याची अडचण खोटी नाही. 20 बाय 50 चा प्लॉट, दोन्ही बाजूंनी पाच-पाच फूट सोडले तर उरतो दहा फुटांचा बोगदा. म्हणूनच नियमावलीने लहान आणि रो-हाऊस प्लॉटना बाजूच्या अंतरात आधीच सूट दिली आहे. त्याहून जास्त हवी असेल तर खरी अडचण दाखवून आयुक्तांकडे मागता येते. ते लेखी आदेशाने, प्रीमियम घेऊन देऊ शकतात. मात्र आरोग्य, आग आणि शेजारच्या घराची सुरक्षितता बिघडता कामा नये. रस्त्याकडचं अंतर, एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येतं ते प्रमाण) आणि पार्किंग यांत तर आयुक्तांचा हा विशेषाधिकार चालतच नाही. आणि बहुतेकांना सूट हवी असते नेमकी तिथेच! समोर दुकानाचं शटर, वर गॅलरी गल्लीत, गाडी रस्त्यावर.

मग येते ना-हरकत, शंभराच्या स्टॅम्पपेपरवर. भाऊ, ती मोकळी जागा शेजाऱ्याच्या मालकीची नाही, तर तो ती सोडून कशी देणार? उद्या तो घर विकेल, त्याचा कागद नव्या मालकाच्या खिडकीला हवा देणार नाही. नागपुरात हे मे महिन्यात कळतं. कूलरला मागून मोकळी हवा लागते. 45 अंशांत दोन भिंतींच्या फटीतून तो तीच दमट हवा फिरवत बसतो. दोघांनाही भिंतीला भिंत हवी असेल तर दोघांनी मिळून तसा नकाशा मंजूर करून घ्यावा, तो मार्ग उघडा आहे.

राहिला टॅक्स. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 267अ नुसार बेकायदा बांधकामावर शास्ती लागते, आणि ती भरल्याने बांधकाम नियमित होत नाही, हे त्याच कलमात लिहिलं आहे. 17 डिसेंबर 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही बजावलं की कितीही वर्षं लोटली तरी बेकायदा बांधकाम कायदेशीर ठरत नाही, आणि बँकांनी पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला पाहूनच कर्ज द्यावं. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी आपल्या घराचा हा दाखला एकदा फाईलमधून काढून बघावा. असेल तर.