सेंटीमीटरला अडीच हजार

परवाच कोडाईकनालहून आलोय, जळू चावली ती जागा अजून खाजतीय, आणि ज्याच्यासाठी गेलो तो पक्षी दिसला म्हणायचं की नाही हे काही ठरत नाहीये.

पक्षी म्हणजे शोलाकिळी. शोला म्हणजे तिकडचं डोंगराच्या घळीत ढग पांघरून बसलेलं बुटकं जंगल, आणि किळी म्हणजे मल्याळममध्ये पक्षी. याला इंग्रजीत कधी शॉर्टविंग म्हणायचे, कधी रॉबिन, मग डीएनए तपासल्यावर कळलं हा त्यातल्या कुणाचाच नाही, तेव्हा कुठे २०१७ मध्ये बिचाऱ्याला स्वतःचं नाव मिळालं. (माझं जुनं फील्ड गाइड गेलं रद्दीत. पैसे मोजून घेतलेलं हो!)

तर पहाटे सहाला मी बॉम्बे शोलाच्या कडेला उभा. मुंबईपासून पळून एवढं लांब जावं आणि जंगलाचं नाव हे. धुक्यात बायनॉक्युलर पुसून पुसून रुमाल ओला. आत झुडपात साहेब गात होते, शिट्टी वर, शिट्टी खाली, मध्येच किरकिर, आता बाहेर येणार एवढ्यात मागून, "बिबट्या आहे का हो?"

मंकीकॅप, हातात कागदी कप, ठाण्याचे काका. मी मराठी हे त्यांना कसं कळलं? जळू चावल्यावर मी जे बोललो त्यावरून.

"पक्षी आहे काका."

"केवढा?"

"पंधरा सेंटीमीटर असेल."

"आणि खर्च? हॉटेल धरून?"

मी मूर्खासारखं खरं सांगितलं. अडतीस हजार.

काकांनी डोळे मिटले. "सेंटीमीटरला अडीच हजार! अहो घोडबंदरला याहून स्वस्तात बसवतो तुम्हाला." काका जागांचे व्यवहार करतात. "पण इथेच का? हा दुसरीकडे मिळत नाही?"

इथे गप्प बसायला हवं होतं. पण मी सांगत बसलो, की तो उंचावरच्या शोलातच राहतो, खालच्या उन्हात उतरत नाही, म्हणून पालघाटच्या खिंडीच्या दक्षिणेला हा पांढऱ्या पोटाचा आणि उत्तरेला निलगिरीत तांबूस पोटाचा, जात वेगळी.

"पालघरला?"

"पालघाट."

"हां हां. पालघरचे रेट वाढलेत आता. पण समोरचा डोंगर रिकामाच आहे की, तिकडे का नाही शिफ्ट होत?"

समोर वॅटल आणि निलगिरीची झाडं होती. तिथले गवताळ माळ आपण इंग्रजांच्या काळापासून परदेशी झाडं लावून भरत आलो, शोलाचे तुकडे उरलेत, आणि त्या तुकड्यांच्या कडेला चिप्सची पाकिटं. कुणाला सांगायचं हे? काकांना?

गाणं बंद झालं. पानाआड काहीतरी निळसर करडं हललं, खाली पांढरं, अर्धा सेकंद. पांढरं म्हणजे पोट असेल, किंवा कुणीतरी फेकलेला कागदी कप. काकांच्या हातात आता कप नव्हता.

निघताना त्यांनी नंबर घेतला. रोज सकाळी गुड मॉर्निंगचा पोपट येतो. आज पोपटाखाली लिहिलंय, "पालघरला वन बीएचके आहे, मागे झाडी पण आहे. तुमच्या पक्ष्याचं बघा."