नोटीस आली? घाई नको!

संचालक महोदय, लवादाने निवाडा ठेकेदाराच्या बाजूने दिला, तुम्ही त्याला कोर्टात आव्हान दिलंत, आणि आता त्याच ठेकेदाराने नादारी व दिवाळखोरी संहितेच्या कलम ८ खाली डिमांड नोटीस धाडली आहे. दहा दिवसांत पैसे द्या, नाहीतर वाद काय आहे ते कळवा, असं ती म्हणते. यातले नऊ दिवस ही नोटीस नेमकी कोणाच्या टेबलावर आहे याचा शोध घेण्यात सहज जातात. दहाव्या दिवशी वकीलसाहेब गावाला गेलेले असतात.

कोणी विचारलंच, तर "मॅटर कोर्टात आहे" म्हणून सांगा आणि चहा मागवा.

खरं तर तुमचं निम्मं काम सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्येच करून ठेवलंय. के. किशन विरुद्ध विजय निर्माण कंपनी या प्रकरणात न्या. नरिमन यांनी लिहिलं, की निवाड्याविरुद्धचा लवाद कायद्याच्या कलम ३४ चा अर्ज आणि पुढे कलम ३७ चं अपील निकाली निघेपर्यंत वाद संपलेला नसतो, आणि अशा वादग्रस्त येण्यापोटी कंपनीला दिवाळखोरीच्या दारात उभं करता येत नाही. म्हणजे तुम्ही करायचं ते इतकंच: नोटिशीआधी दाखल केलेल्या अर्जाची प्रत जोडायची आणि एक पानाचं उत्तर पाठवायचं. पण एवढं साधं काम तुमच्या हुद्द्याला शोभतं का? त्यापेक्षा भलंमोठं उत्तर लिहा. सिमेंट कमअस्सल होतं, सुपरवायझर उद्धट होता, हे लवादापुढे एकदाही न काढलेले मुद्दे आत्ताच काढा. वाद नोटिशीच्या आधीचा हवा आणि पोकळ नको, हे सुप्रीम कोर्टाच्या मोबिलॉक्स निकालाने २०१७ मध्येच सांगितलंय. तरी वरातीमागून घोडं नाचवण्याची मजा काही औरच.

आव्हान अजून दिलंच नसेल, तर उत्तमच. कायद्यात तीन महिन्यांची मुदत आहे, सबळ कारण असेल तर कोर्ट आणखी तीस दिवस देतं, त्यापुढे काही नाही. उघड मुदतबाह्य अर्जाच्या आडोशाला उभं राहता येत नाही, हे किशनच्या निकालातच आहे. म्हणून अर्ज दिवाळीनंतर टाका. कुठली दिवाळी, ते सांगू नका.

स्टे मागण्याच्या भानगडीत तर पडूच नका. कोर्ट स्टे देतं, पण बहुधा आधी रक्कम भरायला लावतं. काय तो आगाऊपणा! लवाद कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीपूर्वी नुसता अर्ज टाकला की निवाडा आपोआप थंड व्हायचा. तुम्ही त्याच काळात राहा. डिमांड नोटीस परतवली तरी दरखास्तीचा, म्हणजे कोर्टामार्फत निवाड्याची रक्कम वसूल करण्याचा, रस्ता ठेकेदाराला मोकळाच असतो, आणि एका सकाळी पगाराचं खातं जप्त झाल्याचा मेसेज येतो, या असल्या किरकोळ गोष्टी मनाला लावून घ्यायच्या नसतात.

ठेकेदारही काही धुतल्या तांदळाचा नाही म्हणा. दरखास्त वर्षानुवर्षं रेंगाळते हे त्याला पाठ आहे. म्हणून तो एनसीएलटीला, म्हणजे कंपन्यांच्या दिवाळखोरीचे अर्ज ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाला, वसुली कचेरी समजतो, आणि मार्च २०२० पासून तिथे अर्ज करायला लागणाऱ्या थकबाकीचा उंबरठा एक लाखाचा एक कोटी झाला, तर व्याजावर व्याज चढवून तिथवर पोचायची खटपट करतो. तुम्ही वेळेत उत्तर दिलंत, तर बिचाऱ्याचा डाव फसेल. इतके निष्ठुर होऊ नका.

आता समजा, त्याचा अर्ज दाखल करून घेतला गेलाच. घाबरू नका. संहितेच्या कलम १४ खाली कंपनीविरुद्धचे दावे, दरखास्ती, जप्त्या, सगळं जागच्या जागी थांबतं. पाहा, न मागता स्टे मिळाला! संचालक मंडळाचे अधिकार तेवढे स्थगित होतात आणि कारभार दिवाळखोरीची प्रक्रिया चालवणाऱ्या रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे जातो. केबिनची किल्ली त्यांना द्या, कंपनीच्या गाडीचीही. ड्रायव्हर ते ठेवून घेतील बहुतेक.